गाठीपुढचे आठ फेरे

मोठेबाबा,

तुमच्या तेरवीला सगळे तुमच्याबद्दल बोलले. बाबा बोलले, गल्लीतले बोलले, ज्यांची मोटर तुम्ही कधीकाळी भरून दिली होती ते चिखलीच्या आसपासच्या गावांतले लोकही बोलले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. चारचौघांत मला बोलता येत नाही, हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "राहू द्या तिले, तिचं आतमंदी चालू हाये." म्हणून हे लिहिते आहे. यातली एक गोष्ट मी तुमच्या तोंडावर सांगायला हवी होती. तेव्हा ती मला माहीत नव्हती आणि तुम्हाला माहीत होती, एवढीच अडचण होती.

तुम्ही बाबांचे थोरले भाऊ. पण मला तुम्ही आठवता ते घरातले नाही, दुकानातले. शाळेची गाडी मला तुमच्या वाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरायच्या, दुकानासमोर सोडायची. मी तारेच्या रिकाम्या रिळावर बसायचे. दुकानात व्हार्निशचा उग्र वास भरलेला असायचा. एका बाजूला मोठी आई मोटरीच्या खाचांत ठोकायच्या बांबूच्या पातळ कामट्या तासायची आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही लाकडी फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळत बसलेले असायचा. उजव्या हातानं दांडा फिरवायचा, डाव्या हाताच्या दोन बोटांतून तार सोडायची आणि ओठ हलवत फेरे मोजायचे. मोजताना तुमच्याशी कोणी बोललं तर तुम्ही फक्त भुवया उचलायचा. त्यामुळे मला तिथं बरं वाटायचं. तिथं कोणी मला कविता म्हणून दाखव म्हणत नव्हतं.

आई मला दुकानातली बोली बोलू द्यायची नाही. शाळेत इंग्रजी, घरात पुस्तकातल्यासारखी मराठी. तुम्ही मुद्दाम विचारायचा, "काय म्हणते मग तुमची शाळा, म्याडम?" मी म्हणायचे, "छान चालू आहे." तुम्ही मोठ्या आईकडं पाहून म्हणायचा, "पाय, रेडिओवर बातम्या लागल्या." मला राग यायचा नाही. मला तुमच्यासारखं बोलायचं असायचं, पण ते तोंडातून बाहेर यायचं नाही.

तयार झालेली मोटर पहिल्यांदा चालू केली की तुम्ही लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरीला टेकवायचा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटायचा. मग तो माझ्या हातात द्यायचा. मला नुसती घरघर ऐकू यायची. तुम्ही म्हणायचा, ऐकत राह्य, एक दिवस ऐकू येईल. मी इंजिनिअरिंगला गेले त्यामागं त्या घरघरीचा हात असावा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमचा हात थरथरतो हे घरात पहिल्यांदा मी पाहिलं. कॉलेजातून सुट्टीला आले होते. तुम्ही चहा कपबशीत घ्यायचा, त्या वेळी अर्धा ग्लास मागितलात. दुसऱ्या दिवशीही अर्धाच. मग मी तुमच्या हाताकडं पाहायला लागले. तार बोटांत धरली की उजवा हात दांड्यावर अडखळायचा, तार हिसका खायची, कधी तुटायची. तुटलेली परवडली. न तुटता नुसती खरचटली तर तारेवरचा लेप निघतो आणि मोटर आतून जळते, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तुम्ही गिऱ्हाइकांना दोन दिवसांनी या म्हणून सांगायला लागलात. त्यांच्यासमोर तुम्हाला गुंडाळायचं नसायचं.

मी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तोच विषय घेतला: तुमचा दांडा फिरवणारं आणि फेरे मोजणारं मशीन.

ते मशीन मी तुम्हाला समजावून सांगितलं तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. भंगारातून आणलेली गाडीच्या रेडिएटर पंख्याची डीसी मोटर, मोठ्या आईच्या शिलाई मशीनचा चामडी पट्टा, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तुमच्या फर्म्याचा दांडा. मध्ये हाताच्या पंजाएवढं मायक्रोकंट्रोलरचं बोर्ड. तुम्ही विचारलं, वेग कमी कसा करते, व्होल्टेज तोडते का? मी म्हटलं, तोडत नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. जास्त वेळ चालू ठेवलं की वेग जास्त, कमी ठेवलं की कमी. तुम्हाला ते लगेच पटलं. पण ताण आला की वेग पडेल, तुम्ही म्हणालात. मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. मोटरीच्या दांड्यावर मी खाचा पाडलेली चकती बसवली होती. चकती फिरली की प्रकाश अडतो, सुटतो, अडतो. बोर्ड ते ठोके मोजतं. आपल्याला किती वेग हवा आणि खरा किती आहे यातला फरक काढतं आणि तेवढा जोर वाढवतं किंवा कमी करतं. पुन्हा मोजतं. पुन्हा फरक. हे थांबत नाही.

तुम्ही चकती बोटानं फिरवून पाहिलीत आणि म्हणालात, "मंग हे तर मी करतोच."

पहिल्या दिवशी मी जोर जास्त ठेवला होता. मोटर हव्या त्या वेगाच्या पुढं पळायची, मग एकदम मागं यायची, पुन्हा पळायची. तुम्ही हसून म्हणालात, आपल्या भावकीसारखी हाये, आधी ऐकत नाही आणि मंग डोक्यावर बसते. मी लॅपटॉपवर आकडे बदलत राहिले आणि संध्याकाळपर्यंत ती शांत झाली. पडद्यावरचा वेग हलेना. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तो थरथरत होता आणि आपण दोघांनीही तसं दाखवलं नाही.

कॉलेजात प्रोजेक्टचं कौतुक झालं. पुण्यातल्या मुलाखतीत मी एरवी दोन वाक्यांच्या पुढं गेले नसते, पण या मशीनबद्दल बोलले. माझे मोठेबाबा हे रोज वापरतात, असं सांगितलं. तेव्हा मशीन कॉलेजच्या कपाटात होतं. नोकरी मिळाल्यावर मी ते तुम्हाला फोनवर हसत सांगितलं होतं, की मी एक खोटं बोलले, आता दिवाळीत आणून ते खरं करते.

आता दिवाळीचं सांगते. इथंच आपलं भांडण अर्धं राहिलं.

मशीन तुमच्या बाकड्यावर बसवलं. शहाण्णव फेऱ्यांची कॉइल होती. मी आकडा भरला, बटण दाबलं. फर्मा सावकाश, एकसारखा फिरायला लागला. तुम्ही नुसती तार धरून होता, आणि दोन बोटांना तेवढं जमत होतं. मला फार बरं वाटलं. मग माझी नजर तुमच्या तोंडाकडं गेली. मशीन मोजत होतं आणि तुमचे ओठही हलत होते.

मशीन थांबलं. पडद्यावर शहाण्णव आले. तुम्ही म्हणालात, "अठ्ठ्याऐंशी झाले माय."

मी पडद्याकडं बोट दाखवलं. तुम्ही कॉइल तळहातावर घेतली, वजन पाहिलं आणि म्हणालात की हलकी लागते. उकलून मोजू का, असंही विचारलंत. मी म्हटलं, उकललेली तार वाकते, वाया जाईल. तुम्ही म्हणालात, "तुयं मशीन मोटरचं ऐकते. तारेले इचारतच नाही." मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. माझ्याकडं प्रोजेक्टचा रिपोर्ट होता, आलेख होते, आणि तुमचे ओठ हलल्याचा राग होता. मी म्हणाले, "तुमचं मोजताना लक्ष चुकलं असेल, मोठेबाबा."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, मग हाताकडं पाहिलंत. म्हणालात, "असंल बाई."

चाळीस वर्षांत मोजणं न चुकलेला माणूस "असंल" म्हणाला, आणि मला वाटलं मी जिंकले. फराळाला घरी गेलो आणि विषय संपला. तिसऱ्या दिवशी पुण्याला परतायला मी देऊळगाव राजामार्गे जालन्याची गाडी धरली.

त्यानंतर दर रविवारी मी फोन करायचे. मला फोनवर काय बोलावं सुचत नाही, म्हणून एकच प्रश्न असायचा. मशीन बरोबर चालतं ना? तुमचंही एकच उत्तर. हाव, एकदम बेस. मी तब्येत विचारायचे. तेही हाव, एकदम बेस. उत्तर नेहमी चांगलंच येणार अशा ठिकाणी मी विचारत होते, आणि मनाला बरं वाटून फोन ठेवत होते.

मग त्या दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात आणि उठला नाहीत.

तेरवीला साखरखेर्ड्याहून तुमचे जुने गिऱ्हाईक भास्करराव आले होते. पंगत उठल्यावर ते ओसरीवर बसले आणि बाबांना तुमचं कौतुक सांगू लागले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. ते म्हणाले की दिवाळीनंतर तुम्ही भरून दिलेली त्यांची मोटर आठवड्यात जळाली. ते तक्रार करायला आले तर तुम्ही काही ऐकून घ्यायच्या आधीच हात पुढं केला. "म्हणे, भास्करराव, हा पाहा, थरथरते. फेरे मायाकडूनच चुकले. येवढा इमानी माणूस कुठी भेटते आता? मी बी मंग दुसरी मोटर त्याहीच्याकडंच टाकली."

बाबांनी मान हलवली. माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला.

जो हात तुम्ही वर्षभर लपवलात, चहा अर्धा ग्लास करून लपवलात, तो तुम्ही गिऱ्हाइकापुढं उघडा केलात. मी विचारायच्या आधीच मला कळलं होतं की चूक हाताची नाही. तरी मी मोठ्या आईजवळ जाऊन बसले. तिनं सगळं सांगितलं, पण माझ्याकडं न पाहता, कामट्या तासताना सांगते तसं. जळालेली मोटर तुम्ही उघडलीत, कॉइल काढलीत आणि तिच्यासमोर एकेक फेरा मोजलात. अठ्ठ्याऐंशी भरले. सगळ्या कॉइलींत तसेच; फेरे कमी पडले की मोटर जास्त वीज ओढते आणि जळते. तिनं म्हटलं, पोरीले फोन करा. तुम्ही म्हणालात, तिची नोकरी नवी आहे. मशीन रोज वापरतो असं तिनं तिथं सांगितलंय, ते खोटं पडायला नको.

"मंग वापरायचे हो रोज," मोठी आई म्हणाली. "मशीनवर अठ्ठ्याऐंशी घ्यायचे. मंग पट्टा काढायचे अन् वरचे आठ हातानं. घाम यायचा त्याहीले तेवढ्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी शटर उघडलं. तुमचा चष्मा बाकड्यावर होता. भास्कररावांची दुसरी मोटर खाली उघडी पडली होती, आणि फळीवर बारापैकी नऊ कॉइली ओळीनं ठेवल्या होत्या. मी एक हातात घेतली. एका जागी पांढऱ्या सुताची गाठ होती. फेरे कुठपर्यंत मोजले ते लक्षात राहावं म्हणून तुम्ही पूर्वीपासून अशी गाठ मारायचा. गाठीच्या आतले फेरे मशीनचे होते, एकाला एक चिकटलेले. गाठीवरचे जरा तिरके, मधेच सैल, एकमेकांवर चढलेले. मी सुईच्या टोकानं मोजले. आठ. दुसरी घेतली, आठ. नऊही कॉइलींवर आठ. तुमच्या हाताचं थरथरणं एवढ्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. पण मोजणं कुठंच चुकलं नव्हतं.

मी मशीनचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. चामडं ताणलेलं होतं. कॉलेजात मी बारीक तार घेऊन, ताण न देता मशीन चालवलं होतं. तुमच्याकडं जाड तार आणि बोटांचा ताण होता, त्यामुळे पट्टा पुलीवर जरा जरा घसरत होता. मोटर बरोबर फिरत होती, फर्मा मागं पडत होता. माझी चकती मोटरीच्या दांड्यावर होती. फेरेसुद्धा मी तिथूनच हिशेब करून काढले होते. बोर्ड मोटरीला विचारत होतं, मोटर सांगत होती सगळं ठीक आहे, आणि पडद्यावर तेच येत होतं. तुम्ही दिवाळीलाच सांगितलं होतं. माझ्या विषयाचं एकही पुस्तक न वाचता तुम्ही नेमकं बोट ठेवलं होतं, आणि मी ते म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

मला या चुकीची फारशी लाज वाटत नाही, मोठेबाबा. चकती चुकीच्या जागी कोणीही बसवेल. मला लाज वाटते ती त्या एका वाक्याची. हात गेला होता, पण मोजणं तुमचं होतं. मी तेही तुमच्याकडून काढून घेतलं, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून तशाच कॉइली मोटरीत घातल्यात. मोटर जळाली तेव्हा तुम्हाला कळलं की तुम्ही बरोबर होता. त्या दिवशी तुम्हाला किती बरं वाटलं असेल, आणि ते तुम्ही मोठ्या आईशिवाय कोणालाच सांगितलं नाही.

दहावी कॉइल फर्म्यावरच होती. पट्टा काढलेला होता. गाठ होती, आणि गाठीवर फेरे होते सहा. मी तीनदा मोजले. मोठी आई म्हणाली, "त्या दिवशी मी जेवायले बलावलं ना. म्हणे आलो. दोन राह्यले, आल्यावर घेतो."

मी दांड्यावर हात ठेवला. तार डाव्या हाताच्या बोटांत धरली. शाळेत असताना तुम्ही मला कधी दांडा फिरवू दिला नव्हता, फक्त पाहू दिलं होतं. मी एक फेरा घेतला. फर्मा चौकोनी असल्यामुळं कोपऱ्यावर तार घट्ट होते आणि सपाटीवर सैल, आणि बोटांना ते सारखं कळत राहतं. दुसरा फेरा घेतला. माझे ओठ हलले की नाही मला माहीत नाही. मोठी आई म्हणाली, झाले शहाण्णव, बांध आता. मी बांधली.

मग मी चकती काढली आणि फर्म्याच्या दांड्यावर बसवली. आता मध्ये पट्टा आल्यानं उत्तर उशिरा यायला लागलं आणि मोटर पुन्हा पहिल्या दिवसासारखी पुढं-मागं पळायला लागली. जोर कमी करत करत दुपार गेली. तुमचा भावकीचा विनोद आठवला, आणि हसू येण्याऐवजी भलतंच झालं. मोठी आई खाचांत घालायचा कागद कापत राहिली. शेवटी फर्मा शांत फिरला. मी तोंडानं मोजत होते. पडद्यावर शहाण्णव आले तेव्हा माझेही शहाण्णवच होते. उरलेल्या दोन कॉइली तशा झाल्या.

मोटर मोठ्या आईनं भरली. इतकी वर्षं ती स्वतःला नुसती मदतनीस म्हणवून घेत होती. एकेक कॉइल खाचेत बसवून वरून कामटी ठोकताना तिचा हात कुठंही थांबला नाही. तुमच्या गाठी तिनं सोडल्या नाहीत. व्हार्निश त्यांच्यावरूनच ओतलं.

भास्करराव काल मोटर न्यायला आले. चालू करून दाखवली. मी स्क्रू-ड्रायव्हर कानामागं लावला आणि डोळे मिटले. घरघरीच्या खाली एक बारीक, न तुटणारा आवाज होता. कदाचित तो नेहमीच असायचा. मी बराच वेळ तशीच उभी राहिले. त्यांना वाटलं असेल मी काही तपासते आहे.

ते मोटर गाडीत चढवायला वळले तेव्हा मला वाटलं, आता नाही बोलले तर हेही राहून जाईल. मी म्हणाले, "काका, दिवाळीनंतर तुमची मोटर जळाली ना, ते फेरे मोठ्याबाबांकडून चुकले नव्हते. मशीन चुकलं होतं. मशीन मी केलं होतं. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं मला की फेरे कमी आहेत. मी ऐकलं नाही."

माझा आवाज मला परका वाटत होता. मोठी आई हातातली कामटी घेऊन तशीच थांबली. भास्कररावांनी मोटरीवर हात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे त्याहीचं मोजणं बरोबर होतं."

"हाव," मी म्हणाले. "शेवटपर्यंत."

गाडी साखरखेर्ड्याकडं निघाली. तुमचे आठ-आठ फेरे आणि दहाव्या कॉइलवरचे सहा त्या मोटरीत आहेत. त्यांच्या पुढचे दोन माझे आहेत.